बारा मिनिटांचा उंच माणूस

६० बाय ९० इंच मापाची सोलापुरी चादर सतरंजीवर अंथरा. त्या नव्वद इंचांत याओ मिंग टाळूपासून टाचेपर्यंत बरोब्बर मावेल, वर बोटभरही जागा उरणार नाही. चीनचा हा बास्केटबॉलपटू ७ फूट ६ इंच उंच. २००८च्या फेब्रुवारीत त्याचा ह्यूस्टन रॉकेट्स हा संघ सलग १२ सामने जिंकून सुसाट सुटला होता, आणि नेमकं तेव्हाच याओच्या डाव्या पायाच्या हाडाला चीर गेल्याचं निघालं. त्याचा हंगाम तिथेच संपला.

त्याच्या जागी उभा राहिला डिकेम्बे मुटोंबो. वय ४१! बास्केटबॉलमध्ये या वयाची माणसं बहुधा प्रशिक्षकाच्या शेजारी बसलेली असतात. मुटोंबोला पळणं जमेना, पण बास्केटखाली हात वर करून उभं राहणं त्याच्याइतकं कोणाला जमत होतं? कारकिर्दीत ३,२८९ ब्लॉक. त्याच्या पुढे फक्त हकीम ओलाजुवान. रॉकेट्सनी पुढचे १० सामनेही जिंकले. सलग २२! त्या वेळी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात याहून लांब विजयमालिका एकच होती, १९७१-७२च्या लेकर्सची ३३ सामन्यांची. पुढे प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत युटाने रॉकेट्सना हरवलं हे खरं, पण बॅकअप सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूचा राखीव, कशाला लागतो असं कोणी विचारलं, तर मी आधी हीच गोष्ट सांगतो.

पुढच्या तुकडीचा प्रश्न

एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा. मुख्य सेंटर कितीही दमदार असला तरी ३४-३६ मिनिटं खेळतो. उरलेली बारा-चौदा मिनिटं कोणाची? त्यात सहा फाउल झाले की खेळाडू सामन्याबाहेर (आंतरराष्ट्रीय नियमांत तर पाचच), आणि सेंटर उभा असतो बास्केटखाली, जिथे सगळी धक्काबुक्की चालते.

सोलापूर जिल्ह्याला हे खो-खोच्या भाषेत लगेच कळेल. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत भारताने खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, त्या संघात आपल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. वेळापूरच्या मैदानावर वाढलेल्या कोणालाही विचारा: संरक्षणाला तिघातिघांच्या तुकड्या उतरतात. पहिल्या तुकडीने घाम गाळून वेळ काढायचा आणि पुढचे तिघे झटपट बाद व्हायचे, असं झालं तर सामना गेला. बॅकअप सेंटर म्हणजे ती पुढची तुकडी, फक्त एकट्या माणसाची.

अडचण पैशाची. विजेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाने पगाराची मर्यादा आधीच मोठ्या नावांवर संपवलेली असते. या जागेसाठी उरतो तो बहुतेक वेळा किमान पगार. म्हणून तिथे येतात पस्तिशीचे अनुभवी, दुखापतीतून उठलेले, नाहीतर कोणालाच नको झालेले. लेकर्सनी २०१९च्या उन्हाळ्यात डीमार्कस कझिन्सला घेतलं, ऑगस्टमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. मग त्यांनी ड्वाइट हॉवर्डला बोलावलं, तेही पगाराची हमी न देता. एकेकाळी आठ वेळा ऑलस्टार झालेला हॉवर्ड मुकाट्याने बाकावर बसला, सांगितलं तेव्हा उठला, डेन्व्हरचा सेंटर निकोला योकिचला अंगावर घेतलं, आणि २०२०चं विजेतेपद लेकर्सचं झालं. मला या निवडीत सगळ्यात मोठी वाटते ती त्या माणसाची तयारी. उंची मोजता येते. बारा मिनिटांसाठी आनंदाने उठणारा माणूस शोधावा लागतो.

वरळीत आलेली दोन घराणी

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले: सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळकरी मुलंच मुलं, आणि सामना जादा वेळेत १३२-१३१! दोन्ही सामने पेसर्सनी जिंकले.

बॅकअप सेंटरच्या इतिहासाचे दोन वारस त्या दिवशी मुंबईत समोरासमोर होते, हे मात्र फारसं कोणी बोललं नाही. किंग्जचा तेव्हाचा प्रशिक्षक ल्यूक वॉल्टन. त्याचा बाप बिल वॉल्टन १९७८चा सर्वोत्तम खेळाडू. मग पायांनी दगा दिला, कित्येक हंगाम वाया गेले. १९८५मध्ये तो बोस्टन सेल्टिक्सकडे आला तो रॉबर्ट पॅरिशच्या मागे बसायला. त्या हंगामात तो ८० सामने खेळला, कारकिर्दीत सर्वांत जास्त. बाकावरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला मिळाला. सेल्टिक्सने ६७ सामने जिंकले, घरच्या मैदानावर ४१पैकी ४०, आणि वर विजेतेपद. माझ्या मते यापेक्षा चांगली बॅकअप सेंटरची निवड आजवर झालेली नाही.

पेसर्सच्या बाजूला डोमांटास सबोनिस. त्याचे वडील आर्विदास, लिथुआनियाचे ७ फूट ३ इंच उंच जादूगार, तिशी उलटल्यावर एनबीएत आले आणि पहिल्याच हंगामात याच किताबात दुसरे आले. मुलगाही आदल्या हंगामात पेसर्ससाठी बाकावरूनच येत होता आणि याच किताबाच्या अंतिम तिघांत होता. मुंबईनंतर सुरू झालेल्या हंगामात तो पहिल्या पाचांत गेला. २०२२च्या फेब्रुवारीत तो ज्या संघात दाखल झाला, तो कोणता? वरळीत हरवलेला सॅक्रामेंटो किंग्ज!

रणदिव्यांचा उलटा प्रवास

किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले, क्रिकेट आणि फुटबॉल बघत वाढले. कॅलिफोर्नियात मुलीच्या शालेय वयाच्या संघाला शिकवायची पाळी आली, तेव्हा त्यांच्याकडे ना उंच मुली होत्या, ना नेम असलेल्या. त्यांनी पोरींना पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्यांना चिकटून खेळायला लावलं. बॉल आत टाकायला पाच सेकंद, अर्ध्या रेषेपलीकडे न्यायला दहा. समोरच्यांना तेवढंही जमू द्यायचं नाही. बॉल बास्केटजवळ पोचलाच नाही तर समोरच्या उंच मुलीचा उपयोग काय? हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. माल्कम ग्लॅडवेलने २००९मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्यावर लिहिलं आणि ही गोष्ट जगभर झाली.

उंचीवाचून जिंकून दाखवलेल्या याच माणसाने २०१३मध्ये किंग्ज घेतला, आणि २०१५च्या एप्रिलमध्ये त्यांच्या संघातून एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ७ फूट ५ इंचांचा होता. सिम भुल्लर, जन्म टोरांटोचा, आई-वडील पंजाबचे. चादरीपेक्षा एकच इंच कमी! दहा दिवसांचा करार, तीन सामने, त्यातही मोजकी मिनिटं. त्याच जूनमध्ये पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला डॅलसने ५२व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेल्या खेळाडूची ती पहिलीच निवड. ७ फूट २ इंच उंची असूनही एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दोघांसाठी जीव हळहळतो, पण कारण उघड आहे. आजचा खेळ पळायला लावतो. सेंटरला बास्केट सोडून बाहेर यावं लागतं, चपळ गार्डमागे सरकावं लागतं. नुसती उंची तिथे अपुरी पडते.

सेंटरच्या जागी सेंटर हवाच का?

१९८० सालची अंतिम मालिका. लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारचा घोटा मुरगळला, तो सहाव्या सामन्यासाठी फिलाडेल्फियाला गेलाच नाही. सुरुवातीच्या उडीसाठी मधोमध आला वीस वर्षांचा गार्ड मॅजिक जॉन्सन, पहिलाच हंगाम. ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट, विजेतेपद.

२०१५च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट १-२ने मागे होता. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सेंटर अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढलं, आंद्रे इग्वोडालाला आणलं आणि साडेसहा फुटी ड्रेमंड ग्रीनला मधोमध उभं केलं. पुढचे तिन्ही सामने त्यांचे. म्हणजे कधीकधी सेंटरवाचूनही भागतं.

वलान्च्युनसची वाट

आता डेन्व्हर. निकोला योकिच मैदानावर असला की हा संघ कोणालाही भारी पडतो, तो बसला की आघाडी गळायला लागते. वर्षानुवर्षं चाहत्यांचा जीव टांगणीला. २०२३मध्ये विजेतेपद मिळवतानासुद्धा त्यांनी प्लेऑफमध्ये ही मिनिटं बहुतेक करून फॉरवर्ड खेळाडूंकडून भरून घेतली होती. २०२५च्या जुलैमध्ये त्यांनी योनास वलान्च्युनस घेतला. कोणाकडून? सॅक्रामेंटोकडून. तिथे तो काही महिने आपल्याच देशाच्या सबोनिसमागे बसत होता.

मला ही निवड पटते. वलान्च्युनस योकिचसारखे पास देणार नाही आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. त्याचं काम ठरलेलं: रिबाउंड ओढायचा, बास्केटखाली खांदा लावायचा, समोरच्या राखीव सेंटरला दमवायचं. शिवाय वर्षानुवर्षं पहिल्या पाचांत खेळलेला माणूस, म्हणजे योकिच दोन आठवडे जायबंदी झाला तरी संघ कोसळत नाही. पळापळीच्या संघांसमोर तो मागे पडेल, तिथे फॉरवर्डला मधे सरकवावं लागेल, पण त्यासाठी दुसरा माणूस ठेवता येतो.

आणि त्याच्यासाठी मनापासून वाटतं की हे जुळून यावं. २०११ साली टोरांटोने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं, साडेसहा हंगाम तो त्यांच्यासाठी बास्केटखाली झुंजला. २०१९च्या फेब्रुवारीत त्यांनी त्याला मेम्फिसला देऊन मार्क गसोलला आणलं. चार महिन्यांनी, जूनमध्ये, टोरांटो आपल्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद जिंकला.