पापलेट केवढे घ्यावे?

पनवेलच्या मासळी बाजारात घरातील ज्येष्ठांसाठी मासा निवडताना आपण बहुधा दोनच गोष्टी पाहतो: तो ताजा आहे का आणि त्यात काटे किती आहेत. दात गेलेल्या आजोबांना किंवा गिळताना त्रास होणाऱ्या आजींना सोपे पडावे म्हणून मग तळहातात मावणारे छोटे पापलेट घरी येते. हेतू चांगलाच असतो. परंतु सागरशास्त्रज्ञ आणखी एक प्रश्न विचारतात: या माशाने आयुष्यात एकदा तरी अंडी घातली असतील का?

हा प्रश्न प्रयोगशाळेत बसून सुचलेला नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी वर्षानुवर्षे धक्क्यांवर जाऊन बोटींतून उतरणारी मासळी मोजत आले आहेत. कोणता मासा किती उतरला, त्याची लांबी किती, पोटातील गाभोळी कितपत पिकली, त्याने काय खाल्ले होते, हे सारे नोंदले जाते. अशा हजारो नोंदींतून मासा किती लांबीचा झाल्यावर प्रजननक्षम होतो, हे कळते. त्या लांबीपूर्वीच तो पकडला गेला, तर पुढची पिढी जन्मालाच येत नाही; शिवाय पूर्ण वाढलेल्या एका माशाच्या वजनासाठी अनेक पिल्ले खर्ची पडतात.

या अभ्यासाच्या आधारे महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरविण्यात आली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर आहे, तर बोंबलासाठी १८० मिलिमीटर. पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला तोही त्याच वर्षी. हा नियम मच्छीमारांसाठी असला, तरी डोल जाळ्याच्या बारीक आसाच्या शेपटात पिल्ले सापडतात आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळते, तोवर तो पाळला जाणे कठीणच. पिशवीत एक लहानशी मोजपट्टी ठेवावयास काय हरकत आहे?

पनवेलकरांना हा विषय परका वाटू नये. आपल्या खाडीकाठची कांदळवने ही अनेक माशांची आणि कोळंबीची बालवाडीच आहे. रायगडच्या आवडत्या जिताड्याचे पाहा. तो अंडी घालतो खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्ले मात्र भरतीबरोबर आत येऊन खाडीत आणि खाजणात वाढतात. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. म्हणजे मोठा जिताडा ही बहुधा आईच! कांदळवनावर भराव पडला, की त्याचा परिणाम यथावकाश आपल्या ताटापर्यंत पोहोचतो.

मग ज्येष्ठांना काय द्यावे? माझ्या मते महागड्या पापलेटाचा आग्रहच थोडा सैल करावा. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे साधारण वर्षभरात प्रजननक्षम होतात, आणि हृदयाला हितकर असे ओमेगा-३ स्निग्धाम्ल त्यांत भरपूर असते. तारली मात्र लहरी. एखाद्या वर्षी उदंड, एखाद्या वर्षी दिसतही नाही. उतारवयात स्नायू झिजतात, म्हणून प्रथिनांची गरज कमी होत नाही, उलट वाढते. शंभर ग्रॅम बांगड्यातून साधारण वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. ओला बोंबील दातांविना खाता येतो, पण त्यात पाण्याचा अंश फार मोठा, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. काट्यांची भीती असल्यास बांगडा वाफवून, बोटांनी चाचपून काटे काढावेत आणि मऊ भातात कालवून भरवावा.

काही पथ्ये मात्र आवश्यक. बांगडा बर्फाविना राहिला, तर त्यात हिस्टामीन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके दुखणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना कळवावे. श्वास लागल्यास थेट रुग्णालय गाठावे. संधिवातात युरिक अॅसिड वाढलेले असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर माशाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना सुके बोंबील, सुका बांगडा यांची आठवण होते. खारवलेल्या माशातील मीठ रक्तदाब असलेल्यांना बाधते. तो बराच वेळ पाण्यात भिजवावा, पाणी दोन-तीनदा बदलावे आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. तरीही तो तोंडी लावण्यापुरताच असावा.