25 डिग्री

अवकाळी पाऊस पडला आणि काढणीला आलेलं मीठ सकाळी कुंड्यांत नव्हतंच, हे ऐकून मी शिरोड्याच्या मिठागरात गेले. 1930 च्या सत्याग्रहामुळे गावाचं नाव आपल्याला ठाऊक असतं. तिथलं काम नसतं.

भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि एका कुंडीतून दुसरीत सोडत उन्हात आटवायचं. तिथे काम करणाऱ्या काकांनी काचेची नळी पाण्यात सोडली. "25 डिग्री झाल्याशिवाय मीठ धरणा नाय." हा आकडा पाण्याच्या दाटपणाचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. 25 डिग्रीच्या आसपास त्या पाण्यात आणखी मीठ मावत नाही. मग वर साय धरावी तसे चौकोनी स्फटिक तरंगू लागतात आणि जड झाले की बुडतात.

जिप्सम त्याआधीच तळाशी बसलेलं असतं. त्यातल्या कॅल्शियम आणि सल्फेटवर दुहेरी भार, ते एकमेकांना सहजी सोडत नाहीत. मिठातल्या सोडियम आणि क्लोराईडवर एकेरीच, म्हणून पाणी त्यांना सहज वेगळं करतं. पाण्याच्या रेणूचं ऑक्सिजनचं टोक किंचित ऋण, हायड्रोजनची टोकं किंचित धन. सोडियमभोवती रेणू ऑक्सिजन आत करून जमतात, क्लोराईडभोवती हायड्रोजन आत करून. शिवाय पाण्यात या दोघांमधली ओढ जवळजवळ 80 पटींनी कमी होते. खड्याच्या कोपऱ्यांवरून, कडांवरून एकेक आयन सुटत जातो.

पावसाच्या गोड्या पाण्यात तर सगळी जागा मोकळी. एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर 10 लिटर पाणी, आणि त्यात साडेतीन किलो मीठ सहज मावतं.

काकांच्या टाचांच्या भेगांत मीठ पांढरं होऊन बसलं होतं. त्या पायांनी ते दिवसभर खाऱ्या पाण्यात उभे असतात. इतकं उन्हात राबून कुंडी 25 डिग्रीवर आणायची आणि एका सरीने ती पुन्हा खाली यायची, हे नुकसान मला शेतकऱ्याच्या नुकसानीपेक्षा कमी वाटत नाही.

भात भिजलं तर पंचनाम्याला निदान भिजलेल्या लोंब्या दाखवता येतात. विरघळलेलं मीठ दाखवता येत नाही. म्हणून मिठागरातल्या रोजच्या मिठाची नोंद ठेवली जावी आणि अवकाळीची भरपाई त्या नोंदीवरून मिळावी.