पायाखालचे अंतर

उंचावर काम करणाऱ्या मनुष्याचा पट्टा किमतीवरून नव्हे, तर तो जेथे उभा राहणार त्या जागेवरून ठरवावा लागतो, हे पुण्यातील एका बांधकामावर सुरक्षा अधिकाऱ्यांनी केलेली पट्ट्यांची निवड जवळून पाहताना मला पटले.

मुकादमाने पुढे केलेले कमरपट्टे त्यांनी सुरुवातीलाच बाद केले. कारण पडत्या देहाचा सारा हिसका कंबरेवर आला म्हणजे कणा आणि पोटातील इंद्रिये दुखावतात, आणि याच कारणास्तव अमेरिकेत १९९८ च्या जानेवारीपासून पडणे अडविण्यासाठी असे पट्टे वापरण्यास मनाई झाली. मग मांड्या, छाती व खांदे यांत तो हिसका वाटून देणारा, पाठीवर कडी असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस घेऊन, आयएस ३५२१ चा शिक्का पाहून, त्यांनी पट्टी इंच इंच बोटांत वाकवून तपासली. शिवणीचा दोरा मुद्दाम निराळ्या रंगाचा असतो, जेणेकरून एक टाका तुटला तरी नजरेत भरावा. वेल्डिंगच्या ठिणगीने एका पट्टीला छिद्र पडले होते; कोणी ती पुन्हा उचलू नये म्हणून तेथल्या तेथे कात्रीने कापली गेली.

खरा हिशेब मात्र पुढेच होता. हार्नेसच्या कडीपासून हुकापर्यंतची दोरी दोन मीटर. तिच्यातील हिसका शोषणारी शिवलेली घडी उसवत पावणेदोन मीटरपर्यंत लांबते. कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर. शिवाय एक मीटर राखीव. म्हणजे हूक अडकविल्या ठिकाणापासून खाली सव्वासहा मीटर मोकळे हवेत. जमिनीपासून तीन मीटरवरच्या स्लॅबच्या कडेला, हूक डोक्याइतका उंच अडकविला तरी, जेमतेम पाचच मिळतात! दहाव्या मजल्यावर प्राण वाचविणारी तीच दोरी पहिल्या मजल्यावर निरुपयोगी ठरते, आणि दुर्दैवाने ‘एवढ्याशा उंचीला काय होते’ हा समज तेथेच सर्वांत बळकट असतो. तेथे त्यांनी प्रथम भक्कम कठडा सांगितला. तो बसेना त्या टोकाला, गाडीच्या सीटबेल्टसारखा झटक्यासरशी अडणारा ब्लॉक डोक्यावरच्या तुळईला.

हूक पाण्याच्या नळाला किंवा परांचीच्या बांबूला लावण्याची सवय त्यांनी सक्त हुकमाने मोडली. जागा बदलताना एक हूक सुटला तरी दुसरा अडकलेला राहावा म्हणून दुहेरी दोरी मागविली. शिवाय, हार्नेसमध्ये लोंबकळत राहिलेल्या मनुष्याच्या पायांत रक्त साचून काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून त्याला खाली उतरविण्याची दोरी-कप्पी आणि ती चालविण्यास शिकविलेले दोन इसम यांची तजवीज झाल्याखेरीज त्यांनी मागणीपत्रावर सही केली नाही.