समुद्रघोड्याचे घर : वाहते पाणी आणि शेपटीचा आधार

समुद्रघोडा नावाने घोडा असला तरी जातीने मासा आहे, आणि मासा असूनही पोहण्यात कच्चा आहे. त्याला शेपटीचा पर नाही. पाठीवरचा इवलासा पर सेकंदाला पस्तीसच्या आसपास वेळा हलवीत तो उभ्या अंगाने संथपणे सरकतो. पाण्याला ओढ असली की शेपटीने समुद्रगवताच्या पात्याला किंवा खारफुटीच्या मुळाला विळखा घालून स्थिर राहतो. म्हणूनच त्याच्यासाठी काचेची टाकी मांडताना दोन प्रश्न प्रथम सोडवावे लागतात : पाणी किती वाहावे, आणि शेपटीने धरावे कशाला?

पोहण्यात दुबळा, तेव्हा पाणी निश्चल ठेवावे, असे कोणालाही वाटेल. पूर्वीचे जोपासकही बहुधा तसेच मानीत. परंतु समुद्रघोड्याला जठर नसते. खाल्लेले अन्न अर्धवट पचून लवकर बाहेर पडते, म्हणून त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते. साचलेल्या पाण्यात ही विष्ठा व उरलेले अन्न कोपऱ्यांत बसते, कुजते आणि रोगजंतूंना थारा देते. यास्तव टाकीतील सर्व पाणी तासाला दहा वेळा किंवा त्याहून अधिक फिरावे, असे अनुभवी जोपासक आज सांगतात. दोनशे लिटरच्या टाकीत हे तासाला दोन हजार लिटर झाले.

मात्र एवढे पाणी एकाच तोटीतून सोडले, तर तो बिचारा भिंतीवर जाऊन आदळेल. म्हणून ते बारीक भोकांच्या आडव्या नळीतून पसरून सोडतात किंवा काचेवर आपटवून त्याचा जोर मोडतात. खडक मागच्या काचेपासून थोडे दूर मांडले, तर त्यांच्यामागेही पाणी खेळते. पाणी ओढून घेणाऱ्या तोंडावर जाळी किंवा स्पंज हवाच, कारण दिसेल त्या वस्तूला विळखा घालण्याची या प्राण्याची सवय तेथे त्याच्या जिवावर बेतते.

टाकी लांबीपेक्षा उंचीने मोठी असावी. निदान पंचेचाळीस सेंटिमीटर पाणी हवे. नरमादी मीलनाच्या वेळी जोडीने वर चढतात आणि मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत सोपविते. पाणी उथळ असेल तर ती खाली पडून वाया जातात. धरावयाच्या काड्या वा कृत्रिम वनस्पती मंद आणि थोड्या वेगळ्या, अशा दोन्ही प्रवाहांत रोवाव्यात, म्हणजे जागा तोच निवडतो. अन्न देण्याची जागा आडोशाला हवी. तो भक्ष्य निरखून मग नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. ते झपाट्याने वाहून गेले, तर भरल्या ताटाशी उपाशी राहण्याची पाळी येते.

पिलांचे गणित आणखी निराळे. ती पृष्ठभागाशी तरंगत राहतात आणि हवा गिळून दगावतात. त्यांच्यासाठी पाणी चक्राकार फिरविणारे गोल भांडे उपयोगी पडते. जर्मन शास्त्रज्ञ वुल्फ ग्रेव्हे यांनी १९६८ साली सूक्ष्म समुद्रजीवांसाठी वर्णिलेली रचना पुढे येथेही कामी आली.

ही टाकी आपल्या दिवाणखान्यासाठी मात्र नव्हे. २००१ साली समुद्रघोड्यांचा समावेश १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. त्यांना समुद्रातून पकडणे हा गुन्हा आहे. आपल्या गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पिवळ्या समुद्रघोड्यावर संशोधन झाले आहे. असे काम संस्थांनी करावे, आपण ते समजून घ्यावे. सार्वजनिक मत्स्यालयात मुलांना नेल्यावर आम्ही सुचवू की, रंग पाहून पुढे जाऊ नये. सारे समुद्रघोडे एकाच काडीला लोंबकळत आहेत काय, तळाशी गाळ साचला आहे काय, अन्न त्यांच्यापुढून वाहून जाते काय, हे मुलांना शोधू द्यावे.

समुद्रात हा सारा खटाटोप समुद्रगवत एकटे करीत असते. ते प्रवाह मंदावते, शेपटीला आधार देते, बारीक भक्ष्य सांभाळते. ओढजाळ्यांनी वा उपशाने ते गवत उखडले, तर हे घर पुन्हा मांडणे टाकी मांडण्याइतके सोपे नाही.