जुन्या सिंथेसायझरांचा सदुपयोग

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेच. वाद्यांच्या बाबतींत तिचें एक नवें रूप हल्लीं आढळतें: वाजवितां येईना, पेटी जुनी! सिंथेसायझरांचे नवनवे नमुने दुकानांत येत राहतात, आणि घरचें वीस-पंचवीस वर्षांचें वाद्य आतां टाकाऊ झालें, असें वादकास वाटूं लागतें. हें वाटणें कितपत खरें आहे, याचा विचार एक-दोन वाद्यांच्या आधारें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या साह्यानें नाद उत्पन्न करणारें वाद्य. सतारींत तार कांपते, बाजाच्या पेटींत पितळेची पट्टी कांपते. येथें विजेचा प्रवाहच ठराविक वेगानें आंदोलन पावतो व कर्ण्यावाटे तें आंदोलन हवेंत उतरतें. जुन्या पद्धतीच्या वाद्यांत हा मूळचा नाद बराच कर्कश असतो. त्यांतील वरचे उपस्वर एका विजेच्या चाळणींतून गाळले म्हणजे तो मृदु होतो. ही चाळणी, म्हणजे फिल्टर, केव्हां किती उघडावयाची यांतच वादनाची निम्मी कला आहे. तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून नाद कसा पालटतो, तें ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

जपानांतील रोलँड कंपनीनें १९८१ सालीं टी. बी.-३०३ नांवाची एक लहानशी रुपेरी पेटी काढली. एकट्यानें गिटार वाजविणारास खर्जाची साथ मिळावी, हा तिचा हेतु. परंतु खर्जाच्या गिटारीची नक्कल तिला मुळींच साधली नाहीं. शिवाय चाल भरतांना स्वर एकदां व त्यांचे काल दुसऱ्यांदा, असे वेगवेगळे भरावे लागत. त्यामुळें माणूस मेटाकुटीस येई. सुमारें १०,००० पेट्या झाल्यावर १९८४ सालीं कंपनीनें तें काम थांबविलें, व त्या जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळूं लागल्या.

अशीच एक पेटी शिकागो शहरांतील ‘फ्यूचर’ या तिघां तरुणांच्या मेळ्याच्या हातीं लागली. त्यांनीं तिजकडून गिटारीचा नाद काढण्याचा नाद सोडून दिला. एकच छोटी चाल पुनःपुन्हा चालू ठेवावी, आणि ती चालू असतांनाच चाळणीच्या खुंट्या फिरवीत राहावें, असा क्रम त्यांनीं धरिला. पेटी कुरकुरूं लागली, किंचाळूं लागली. आणि तेंच त्यांना आवडलें! दहा मिनिटांहून अधिक चालणारी त्यांची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका १९८७ सालीं प्रसिद्ध झाली, व नृत्यसंगीताचा एक नवा प्रकारच तिच्यामागून रूढ झाला. पेटींत एक खिळाही नवा बसविला नव्हता.

याच पेटीचा आमच्या मुंबईशीं एक संबंध आहे, व तो या शिकागोच्या कथेहूनही आधींचा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजीत सिंग यांनीं १९८२ सालीं ही पेटी, तिच्याच जातीचें टी. आर.-८०८ हें तालयंत्र व ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग मुद्रित केले. त्यांत ललत, भूप, यमन, मालकंस आहेत. बाजाच्या पेटींतून मींड निघत नाहीं, हा तिच्यावरील जुना आक्षेप. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली, त्याच्या कारणांत हेंही एक होतें. टी. बी.-३०३ मध्यें मात्र एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. ही घसरण एकाच मापाची असते, तिला कोणी खरी मींड म्हणणार नाहीं. तरी रागाची चलन तेवढ्यानेंही सुचविली जाते, हें त्या मुद्रिकेंत स्पष्ट ऐकूं येतें. ती त्या वेळीं फारशी कोणीं घेतली नाहीं. २०१० सालीं हॉलंडांतून ती पुन्हा निघाली, तेव्हां कोठें जगाचें लक्ष तिकडे गेलें. चरणजीत सिंग २०१५ सालीं वारले.

यामाहा कंपनीच्या १९८३ सालच्या डी. एक्स.-७ ची गोष्ट निराळी. स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चौनिंग यांना १९६७ सालीं असें आढळलें कीं, एका स्वरास दुसऱ्या आंदोलनानें सावकाश हलविलें तर कानास तो नुसता कंपित ऐकूं येतो. पण तेंच हलविणें अतिशय जलद केलें, तर कंपन नाहींसें होऊन स्वराचा रंगच पालटतो, व घंटेसारखे, कांशाच्या भांड्यासारखे नाद निघतात. या वाद्यांत अशीं सहा आंदोलकें ३२ प्रकारांनीं परस्परांस जोडतां येतात. पण दर्शनीं भागावर खुंट्या जवळजवळ नाहींतच. सपाट बटनें दाबीत बसावें लागतें. म्हणून बहुतेकांनीं कारखान्यानें भरून दिलेले नादच वाजविले. इंग्लंडच्या ब्रायन ईनो यांनीं मात्र तेंच वाद्य वर्षानुवर्षें हाताशीं ठेवून आपले स्वतःचे नाद त्यावर बांधले. आमच्या मतें नवशिक्यानें प्रथम चार आंदोलकें बंद करून दोनांवरच काम करावें. कोणतें कोणास हलवितें हें कानास ओळखूं आलें, म्हणजे मग तिसरें उघडावें.

जुनें वाद्य आजच्या संगणकाशीं कसें जुळणार, अशी शंका पुष्कळांस येते. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांनीं मिळून मिडी नांवाची एक सामाईक संकेतपद्धति ठरविली. त्या वेळची तार आजच्या संगणकास एका लहान जोडणीनें लावतां येते, व डी. एक्स.-७ तिच्यावरून आज्ञा बिनतक्रार ऐकतें. खरी काळजी निराळीच आहे. या वाद्यांच्या पोटांत एक लहान बॅटरी असते, व तिच्या जोरावर भरलेले नाद स्मरणांत राहतात. ती संपली कीं वर्षांचें काम एका रात्रींत नष्ट होतें. कोर्ग कंपनीच्या १९८१ सालच्या पॉलीसिक्समध्यें तर बॅटरी पाझरून आंतील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. म्हणून डी. एक्स.-७ चे नाद प्रथम मिडीच्या तारेनें संगणकावर उतरवून घ्यावे, मग जाणत्या कारागिराकडून नवी बॅटरी बसवावी, आणि ती बसविल्याची तारीख एका चिठीवर लिहून वाद्याच्या तळाशीं चिकटवावी.