पावसाचे शास्त्र आणि ज्ञानाचा सहकार

निगडीच्या सेक्टर २३ मधील जलशुद्धीकरण केंद्रात येणारे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते. रावेतला ते पवना धरणातून येते आणि धरणात येते ते सह्याद्रीच्या माथ्यावरून. इथवरचा प्रवास नकाशावर बोटाने दाखविता येतो. परंतु सह्याद्रीवर जे ढग येऊन आदळतात, त्यांचे बाष्प हजारो मैलांवरच्या हिंदी महासागरातून निघालेले असते, आणि ते कोणत्या वर्षी किती यावे हे काही अंशी पेरूच्या किनाऱ्यापाशी असलेल्या पॅसिफिकच्या उबेवर ठरते. निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथील घरांचे व कारखान्यांचे पाणी असे साऱ्या पृथ्वीच्या व्यवहाराशी बांधलेले आहे. तो व्यवहार समजून घेण्याचे काम एका शास्त्रज्ञाचे, एका विद्यापीठाचे, किंबहुना एका देशाचेही असू शकत नाही.

हा विषय केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. २०१९ साली देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला, पवना धरण भरले, नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पिंपरी-चिंचवड शहराला दिवसाआड पाणी देण्याचा निर्णय घेण्यात आला. याला वाढती वस्ती आणि वितरणातील उणिवाही कारण आहेत, हे खरे. तरीही साडेआठ अब्ज घनफुटांच्या या धरणात कोणत्या तारखेला किती साठा ठेवावा आणि किती सोडून द्यावा, हा निर्णय अखेर पुढील पावसाच्या अंदाजावरच अवलंबून राहतो. याच पाण्याच्या बंदिस्त जलवाहिनीच्या प्रश्नावरून ऑगस्ट २०११ मध्ये मावळात गोळीबार होऊन तिघांचे प्राण गेले, हे विसरता येत नाही. पाण्याचा हिशेब चुकला की त्याची किंमत माणसे मोजतात.

वॉकरचा वारसा

या शास्त्राचा इतिहास पुण्याशी निगडित आहे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पाठोपाठ १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले, आणि पावसाचे भाकीत आधी करता येईल काय, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. १९०४ साली या खात्याची सूत्रे हाती घेणारे गिल्बर्ट वॉकर मूळचे केंब्रिजचे गणिती. हवामानाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. परंतु जगभरच्या वेधशाळांतील आकडे एकत्र करून त्यांचा परस्परसंबंध शोधण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती. त्या काळी यंत्र-संगणक नव्हते. आकडेमोडीचा हा डोंगर कचेरीतील कारकुनांनी हाताने उपसला. त्यातूनच पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो, हा मोठा शोध लागला. ज्यांच्या लेखणीने ती बेरीज-वजाबाकी केली, त्यांची नावे ग्रंथांत क्वचितच आढळतात. तथापि जागतिक हवामानशास्त्राच्या पायात आपल्या कारकुनांचे श्रम आहेत, याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही.

पुढे १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीस लोक अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखतात. १९६२ साली पुण्यात उष्णदेशीय हवामानाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. पी. आर. पिशारोटी तिचे पहिले संचालक झाले. १९७१ पासून ती स्वायत्त झाली. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था ती हीच.

एकट्याचे गणित अपुरे

वॉकर यांचा मार्ग संख्याशास्त्राचा होता. त्याच मार्गाने जाऊन डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली सोळा घटकांवर आधारलेली पद्धत सिद्ध केली आणि पावसाचा अंदाज हा घरोघरी चर्चेचा विषय झाला. बरीच वर्षे ती उपयोगी पडली. परंतु २००२ साली सरासरीइतका पाऊस अपेक्षित असताना प्रत्यक्षात १९ टक्के तूट आली. त्याआधी १९९७ साली पॅसिफिकमध्ये अतिशय प्रबळ एल निनो असूनही आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला होता. म्हणजे जुने संबंध कायमचे नसतात. निसर्ग आपली गणिते बदलतो.

१९९७ च्या कोड्याचे एक उत्तर १९९९ साली मिळाले. हिंदी महासागराचा पश्चिम भाग उबदार आणि पूर्व भाग थंड झाला की आपल्या पावसास साहाय्य होते, हे सांगणाऱ्या शोधनिबंधावर साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाटा अशी भारतीय व जपानी नावे एकत्र आहेत. हे सहकार्य नवे नव्हते. १९५९ ते ६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या वेळी मुंबईस कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र चालले होते. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रामेज आणि आपले पिशारोटी तेथे खांद्याला खांदा लावून काम करीत होते. १९७९ च्या 'मोनेक्स' मोहिमेत अनेक राष्ट्रांची जहाजे व विमाने मोसमी वाऱ्यांच्या वाटेवर उतरली होती. २०१६ साली ब्रिटिश विमानाने भारतीय शास्त्रज्ञांसह उत्तर व दक्षिण भारतावरून उड्डाणे करून ढगांचे व जमिनीलगतच्या हवेचे मोजमाप घेतले. त्यात रेडिंग व लीड्स ही विद्यापीठे आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था सहभागी होती.

२०१२ साली सुरू झालेल्या मान्सून मिशनने याच सहकार्याला पक्के रूप दिले. वारे, समुद्र आणि जमीन यांचे परस्परांवरील परिणाम एकत्र मांडणारे अमेरिकन प्रारूप घ्यावयाचे, देशातील व परदेशांतील विद्यापीठांनी त्यातील दोष शोधावयाचे आणि सुधारणा पुन्हा एकाच ठिकाणी गोळा करावयाच्या, अशी ही योजना. पाषाण येथे तयार झालेल्या पृथ्वी-प्रणालीच्या प्रारूपाचे निष्कर्ष पुढे आंतरराष्ट्रीय तौलनिक अभ्यासातही समाविष्ट झाले. परक्याचे उसने आणून आपण काय साधले, असे विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही. घेतलेले बियाणे आपल्या मातीत रुजवून त्याचे पीक परत देता येणे, हीच सहकार्याची खरी कसोटी होय.

स्थानिक नोंदींचे मोल

मात्र येथे समाधान मानून थांबणे योग्य होणार नाही. पुण्याच्या संस्थेने २०२० साली संपादित केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात उष्णदेशीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे १ अंशाने तापला, आणि याच काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पाऊस एकंदरीत कमी, परंतु अतिवृष्टीचे तडाखे अधिक, असा हा विचित्र काळ आहे. मोठे प्रारूप हे सर्व सांगेल. परंतु पवनेच्या खोऱ्यात काय होईल, हे सांगण्यासाठी त्याला खोऱ्यातलेच आकडे हवेत. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात सात-साडेसातशे. सुमारे साठ किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक! २०२५ साली देशाचा अंदाज सहा किलोमीटरच्या चौकटीत देण्यास प्रारंभ झाला, ही प्रगती मोठीच. पण चौकटीतला आकडा पारखण्यासाठी प्रत्यक्ष जमिनीवर पर्जन्यमापक नसेल, तर ती चौकट रिकामीच म्हणावी लागेल. जुलै २०२४ मध्ये मुठेच्या काठी सिंहगड रस्त्यावरील घरांत पहाटे पाणी शिरले, तेव्हा घाटातील पाऊस, धरणाचा विसर्ग आणि शहरातील पाऊस यांचा एकत्रित विचार वेळेवर होणे किती आवश्यक असते, याचा प्रत्यय आलाच.

पुण्याच्या हवामान कार्यालयाने १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाची जी चौकटवार आकडेवारी सिद्ध केली, तिच्यामागे सुमारे सात हजार केंद्रांच्या नोंदी आहेत. रोज सकाळी साडेआठ वाजता तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकाचे पाणी मोजून रजिस्टरात लिहिणारा तो अनाम कर्मचारी आजच्या महासंगणकाचा पहिला गुरू आहे. नोंद चुकली किंवा अंदाजाने भरली गेली, तर पुढे कितीही वेगवान यंत्र आणले तरी त्याचे उत्तर चुकीचेच येणार.

म्हणून दोन गोष्टी आवर्जून व्हाव्यात. पहिली म्हणजे धरणांचे साठे, विसर्ग, नदीची पातळी आणि पाऊस यांचे आकडे पाटबंधारे खाते, महापालिका, हवामान खाते व विद्यापीठे यांनी एका सामाईक वहीत ठेवावेत. आपापल्या कपाटात नव्हेत. दुसरी म्हणजे निगडी ते तळेगाव, वडगाव ते पवनानगर या पट्ट्यातील शाळा-महाविद्यालयांनी पर्जन्यमापक बसवून नियमित नोंदी ठेवाव्यात, आणि विद्यापीठाने त्या तपासून वापरात आणाव्यात. यास फार मोठा खर्च नाही. लागते ती शिस्त आणि सातत्य. सुट्टीच्या दिवशीही पाऊस पडतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे लागेल.

महाराष्ट्राने साखरेचा आणि दुधाचा सहकार उभा केला. थेंबाथेंबाने जमलेल्या दुधाचे सामर्थ्य आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ज्ञानाच्या बाबतीत मात्र प्रत्येक संस्था आपली किटली घेऊन वेगळी उभी राहते. पावसाच्या शास्त्रापुरते तरी हे वेगळेपण आता परवडणारे नाही. अशा एकत्र येण्याने दुष्काळ टळणार नाही, की पूरही थांबणार नाही. पण धरणाचे दरवाजे केव्हा उघडावेत, हे ठरविणाऱ्या अभियंत्याच्या हाती अधिक भरवशाचा कागद पडेल, आणि काठावर राहणाऱ्या माणसाला घर सोडण्यासाठी दोन तास अधिक मिळतील. एवढ्यासाठी आपल्या शाळेने रोज सकाळी साडेआठला एक ओळ लिहावी, ही अपेक्षा जास्त नव्हे.