नोकरी गेली तर बिल कोण भरणार?

काल्हेरमध्ये माझ्या दुकानाची पाटी झेरॉक्सची आहे, पण दुकान चालतं ते पीएफच्या फॉर्मांवर, भाडेकरारांवर आणि तक्रारअर्जांवर. कशेळीचा पूल उतरलं की मेट्रोच्या खांबांच्या दुतर्फा गोदामं लागतात, ती पार पूर्णा-दापोड्यापर्यंत. तिथे राबणाऱ्यांपैकी कंपनीच्या पेरोलवर फार थोडे असतात. बाकी सगळे ठेकेदाराचे. सुरत असो की सातारा, माणूस कुठूनही आलेला असो, पगाराच्या स्लिपवर नाव ठेकेदाराचंच. नोकरी गेली तर बिल भरू म्हणणाऱ्या क्रेडिट कार्डाच्या विम्याची सगळी गंमत इथेच आहे.

गेल्या वर्षी एक शिफ्ट सुपरवायझर आला. पोरगा हुशार, एक्सेलमध्ये माझ्यापेक्षा तरबेज. तो ज्या कंपनीचा माल सांभाळायचा तिने इथलं गोदाम आवरलं आणि ठेकेदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एक तारखेपासून येऊ नका’ एवढंच कळवलं. कार्डावर थकबाकी होती, तरी गडी निर्धास्त. “ताई, माझा इन्शुरन्स आहे ना. नोकरी गेली की तीन महिने तेच भरणार.” स्टेटमेंटमध्ये पेट्रोल आणि किराण्याच्या मधे दर महिन्याला त्या विम्याची एक ओळ होतीच. रक्कम इतकी किरकोळ की नजर त्यावर थांबू नये. दावा केल्यावर विमा कंपनीचं उत्तर आलं : मुदतीच्या कंत्राटावरच्या माणसाचं काम संपणं म्हणजे नोकरी जाणं नव्हे. दावा नामंजूर.

हा विमा कुठे ‘क्रेडिट शिल्ड’ म्हणून विकला जातो, कुठे ‘पेमेंट प्रोटेक्शन’ म्हणून. सहसा ती गट पॉलिसी असते. मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर, आणि तुमच्या वाट्याला एक प्रमाणपत्र, तेही ईमेलच्या ढिगात कुठेतरी. काही योजनांत फक्त अपघाती मृत्यू धरलेला असतो, काहींत अपंगत्व, काहींत नोकरी जाणं. यातलं शेवटचं कलम सर्वांत जास्त गाजवून विकतात आणि तिथेच सर्वांत जास्त चाळण्या असतात. स्वतः राजीनामा दिला, प्रोबेशनवर असताना काढलं, स्वतःचा धंदा आहे, कंत्राटावर आहे, विमा घेऊन पुरेसे महिने झाले नाहीत : यातलं एक जरी लागू पडलं तरी बहुतेक पॉलिसींत पैसे मिळत नाहीत.

मग भांडायचं कशावर? लोक दाव्यावर भांडतात, ‘माझी नोकरी खरंच गेली हो’ म्हणून पानंच्या पानं लिहून आणतात. त्या मुद्द्यावर विमा कंपनी पक्की बसलेली असते, कारण अट तिने छापून ठेवली आहे. माझं म्हणणं असं की दावा नाकारला हे एक भांडण आणि ज्याला कधीच पैसे मिळणार नव्हते त्याला हा विमा विकला हे दुसरं. गोदामातल्या माणसासाठी दुसरंच भांडण जिंकण्यासारखं असतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. इंग्लंडमध्ये असाच विमा कर्ज आणि कार्डांबरोबर वर्षानुवर्षं खपवला गेला; बेकारांना, पेन्शनरांना, स्वतःचा धंदा असणाऱ्यांनासुद्धा. २०११ मध्ये लंडनच्या हायकोर्टात बँका हरल्या, तक्रारींसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरली आणि एकंदरीत बँकांना सुमारे ३८ अब्ज पौंड परत करावे लागले. ते मुख्यतः चुकीच्या विक्रीची भरपाई म्हणून. अमेरिकेत ग्राहक संरक्षणासाठी नव्याने स्थापन झालेल्या ब्यूरोची २०१२ सालातली पहिलीच मोठी कारवाई कॅपिटल वन बँकेवर झाली, तीही कार्डासोबत असली ‘संरक्षणं’ गळ्यात मारल्याबद्दल. आधीच बेकार असलेल्यांनाही ती विकली होती. सुमारे वीस लाख ग्राहकांना १४ कोटी डॉलर परत गेले. तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी २००९ सालाचा हिशेब काढला, तेव्हा अशा योजनांसाठी लोकांनी भरलेल्या दर डॉलरमागे जेमतेम २१ सेंट त्यांच्या पदरात पडले होते. उरलेल्याचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे इतकं मोठं प्रकरण झालेलं नाही, पण नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कार्डांबाबत जे निर्देश काढले, त्यांत विमा कंपनीशी संधान बांधून संरक्षण देताना ग्राहकाची स्पष्ट संमती, लेखी किंवा डिजिटल, घ्यायला सांगितलं आहे. सुप्रीम कोर्टानेही एकाहून अधिक निकालांत, अगदी २०२२ च्या टेक्स्को मार्केटिंग प्रकरणातसुद्धा, म्हटलं आहे की वगळण्याचं कलम ग्राहकाला सांगितलंच नसेल तर कंपनीला त्याच्या आड लपता येत नाही.

म्हणून त्या पोराला मी दाव्याचं रडगाणं बाजूला ठेवायला लावलं आणि बँकेला एका पानाचं पत्र टाइप केलं. मागण्या साध्या. हा विमा घ्यायला मी ज्या कॉलवर होकार दिला त्याचं रेकॉर्डिंग द्या. विमा प्रमाणपत्र मला कोणत्या तारखेला, कसं पाठवलं ते दाखवा. मी कायम नोकरीत आहे की ठेकेदाराकडे, हे मला कोणी विचारलं का ते सांगा. माझा पगार तुमच्याच खात्यात येतो आणि त्यावर ठेकेदाराचं नाव येतं, म्हणजे मला हा विमा लागू होणार नव्हता हे तुम्हाला कळायला हवं होतं. सगळे हप्ते व्याजासह परत करा, दावा देता येत नसेल तर नका देऊ. हे शेवटचं वाक्य त्याला आवडलं नव्हतं.

पहिलं उत्तर छापील आलं, ‘अटी व शर्तींनुसार’ वगैरे. तीस दिवस थांबून आम्ही रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार टाकली. पुढे बँकेने ‘सद्भावना म्हणून’ सगळे हप्ते कार्डावर जमा केले. रेकॉर्डिंग मात्र शेवटपर्यंत दिलं नाही. थकबाकी त्याची त्यालाच फेडावी लागली, तेवढ्यात व्याजही चढलं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या वरही जातं, म्हणजे वर्षाला बेचाळीसहून जास्त. दावा चालू आहे म्हणून बिल भरायचं थांबवणारे फार बघितलेत मी. विमा कंपनी पैसे देईपर्यंत बँकेचं मीटर चालूच असतं.

दार कोणतं ठोठावायचं, यात लोक हमखास घोळ करतात. बँकेने विमा चुकीचा विकला, विचारल्याशिवाय लावला, बंद करायला सांगूनही हप्ते कापले, तर आधी बँक आणि मग रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, चौकशीला १४४४८. दावा योग्य असून विमा कंपनीने नाकारला किंवा लटकवला, तर आधी कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल. कंपनीने महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा समाधान केलं नाही की तिथे जाता येतं, पण नकारानंतर वर्षाच्या आत. आपल्यासाठी आता ठाण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे. फी नाही, आणि वकील चालतच नाही, ही मला फार आवडलेली अट. ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच : दोन वर्षांची मुदत, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मात्र एकच तक्रार एकाच वेळी लोकपाल आणि आयोग अशी दोन्हीकडे चालत नाही.

जाता जाता, नोकरी गेलेल्यांसाठी एक. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. २०१८ पासून ही योजना आहे. अटीत बसलात तर नव्वद दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम मिळते. ठेकेदाराचे कामगारही त्यात येतात. विकायला कोणी फोन करत नाही, म्हणून माहीत नसते.

मृत्यूच्या दाव्यात मात्र पहिलंच, म्हणजे दावा नाकारल्याचं भांडण लढावं लागतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींचे यजमान टेम्पो चालवायचे, माणकोलीजवळ अपघातात गेले. वसुलीवाल्यांचे फोन तेराव्याच्या आधीच सुरू झाले. वहिनींना पहिलं हे सांगितलं की कार्डाचं कर्ज विनातारण असतं; नवऱ्याने जे मागे ठेवलं त्यापुरतीच वारसांची जबाबदारी, तुमच्या पापड-लोणच्याच्या कमाईला कोणी हात लावू शकत नाही. मग जुनी स्टेटमेंटं चाळली, तर विम्याची ओळ सापडली. कंपनीने ‘कळवायला उशीर झाला’ म्हणून दावा परत पाठवला. विमा नियामकाचं सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे, खरा दावा केवळ उशिराच्या कारणाने झिडकारू नये म्हणून. त्याचा उल्लेख, एफआयआर, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून पत्र गेलं. दावा मंजूर झाला. पैसे वहिनींच्या हातात आले नाहीत, येणारही नव्हते. ते थेट बँकेत थकबाकीपोटी जमा झाले. बँकेकडून ‘नो ड्यूज’चा कागद मिळवायला आणखी एक अर्ज लिहावा लागला.